ओळ नसेल, तर पत्र जाऊ नये

"सकाळीच त्यांचं पत्र आलं मला."

प्रधान आजी शेजारच्या बाईंना सांगत होत्या आणि मी त्यांच्या बरोबर मागच्या खुर्चीवर होते. ज्येष्ठ नागरिक कट्ट्याचा हॉल भरला होता. पुढे टेबलावर तुमचा फोटो, सहलीतला, ज्यात तुम्ही कॅमेऱ्याकडे सोडून भलतीकडेच बघताय. कमिटीतले साठे काका माइकवर बोट आपटून बघत होते. शेजारच्या बाईंना वाटलं, आजींची काहीतरी गफलत झाली. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या की जुनं असेल, आज उघडलं असेल. तशी आजींनी पर्समधून फोन काढला, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि स्क्रीन त्यांच्यासमोर धरली.

"तारीख बघा. सात वाजून दोन मिनिटं. माणूस जाऊन बारा दिवस झाले, पण माझा वाढदिवस चुकवला नाही."

अण्णा, ते पत्र तुम्ही लिहिलं होतं आणि मी पाठवलं होतं. म्हणजे माझ्या प्रोग्रॅमने. अख्ख्या हॉलमध्ये हे फक्त तुमच्या माईंना आणि मला माहीत होतं. बाकी सगळ्यांची समजूत अशी की तुम्ही रोज सकाळी उठून, एका बोटाने टाइप करत, ज्याचा वाढदिवस असेल त्याला ईमेल लिहीत होता. ही समजूत तुम्ही कधी पसरवली नव्हती. उलट ती खोडायला तुम्ही तयारच होता. तुम्हाला खोडू दिलं नाही ते मी.

आजींनी मग ते पत्र वाचून दाखवलं, त्यांच्या मते हळू आवाजात. चार रांगांना ऐकू गेलं. "मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी घरात पेढे आणले नव्हते, असं तुम्ही एकदा बोलून गेलात. आज आणा. चार जणांना वाटा, पाचवा माझ्यासाठी ठेवा." आणि आजींच्या मांडीवर, पर्सखाली, खरंच मिठाईच्या दुकानाचा छोटा पुडा होता. शेजारच्या बाई कुजबुजल्या की शोकसभेत पेढे कसे हो चालतील. आजी म्हणाल्या, "त्यांनीच मागितलाय."

मी खाली बघत बसले. डोळे पुसायला रुमाल काढला तर लोक बघतील, म्हणून तोही काढला नाही. तुम्हाला माहीतच आहे मी कशी आहे.

तुम्ही माझे नात्याने कोणीच नव्हता. आमच्या दारासमोर तुमचं दार, एवढंच. डोंबिवलीतल्या त्या इमारतीत मी लहानाची मोठी झाले आणि पहिली वीस-एकवीस वर्षं तुम्हाला फक्त मान हलवून हसले. तुमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी विचारलं की ही कोण, तर तुम्ही म्हणायचात, समोरची केतकी, हुशार आहे, बोलत नाही. मी इंग्रजी शाळेतली. मराठी बोलायचे घरातल्यासारखं, पण वाचताना बोट ठेवून वाचायचे आणि त्याची लाज वाटायची. तुमच्या दारावर वाढदिवसाच्या, मंगळागौरीच्या, सहलीच्या सूचना सुंदर अक्षरात लावलेल्या असायच्या. मी त्या जिना चढताना गुपचूप वाचून काढायचे. पूर्ण वाचून होईपर्यंत किल्ली सापडत नसल्यासारखं करायचे.

मला ठाण्याला नोकरी लागली त्या वर्षी एका शनिवारी तुम्ही आमची बेल वाजवलीत. हातात पोस्टकार्डांचा गठ्ठा होता, रबर लावलेला. आई घरात नव्हती, त्यामुळे मलाच दार उघडावं लागलं. तुम्ही कार्डं पत्त्यांसारखी पसरून दाखवलीत. सगळी परत आलेली. कट्ट्यातल्या प्रत्येकाला वाढदिवसाचं कार्ड स्वतःच्या हाताने लिहायचं, हा तुमचा रिटायर झाल्यापासूनचा नेम. पण एकेक इमारत पाडकामाला जात होती. कोणी भाड्याने कल्याणला गेलं, कोणाला मुलाने बाळकुमच्या टॉवरमध्ये नेलं, कोणी शीळफाट्याच्या पुढे कुठेतरी. पोस्टमन तरी काय करणार. जिथे पत्ता होता तिथे आता पत्रे ठोकलेले.

तुम्ही विचारलंत, घर बदललं तरी न बदलणारा पत्ता असतो का. मी म्हटलं, ईमेल. एवढा एकच शब्द बोलले. तुम्ही म्हणालात, मग तसं काहीतरी कर ना, बाळा. व्हॉट्सॲप नको. तिथे रोज सकाळी सगळेच सगळ्यांना फुलं पाठवतात, त्यात एकाला उद्देशून काही राहत नाही.

मला वाटलं होतं दोन तासांचं काम आहे. खरोखर तेवढंच होतं. नेटवर्कवर बोलणी करणारा तयार कोड मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात. मेल पोचवणाऱ्या सर्व्हरशी कसं बोलायचं हे तिला ठाऊक असतं, आपण फक्त तिच्या हातात मजकूर द्यायचा. दुसऱ्या दिवशी तुमच्या जुन्या लॅपटॉपवर, माईंच्या शिलाई मशीनच्या टेबलावर, मी ते चालवून दाखवलं. तुमचं समाधान होईना. तयार माल मला कशाला दाखवतेस, आत काय बोलणं होतं ते दाखव, असं म्हणालात. मग मी प्रोग्रॅमला सांगितलं की सर्व्हरशी झालेला प्रत्येक शब्द स्क्रीनवर छाप.

तो क्षण मला अजून दिसतो. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत आणि एकेक ओळ मला मराठीत सांगायला लावलीत. आधी आपण नमस्कार करतो आणि आपलं नाव सांगतो. सर्व्हर म्हणतो दोनशे पन्नास, म्हणजे ठीक आहे. मग आपण सांगतो पत्र कोणाकडून. दोनशे पन्नास. मग कोणाला. दोनशे पन्नास. मग मजकूर. मजकूर संपला हे कळायला एका ओळीवर नुसतं एक टिंब. पुन्हा दोनशे पन्नास. मग आपण निरोप घेतो आणि तोही निरोप देतो.

तुम्ही सगळ्या ओळी वरपासून पुन्हा वाचल्यात. मग म्हणालात, "किती सभ्य आहे गं हे. आमच्या ऑफिसात एवढी रीत कोणी पाळत नव्हतं."

कारखान्यात तुम्ही तीस वर्षं आवक-जावक सांभाळलंत. येणाऱ्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक, जाणाऱ्याला जावक क्रमांक. त्यामुळे तुम्हाला हे जे दिसलं ते माझ्या कॉलेजात कोणाला दिसलं नव्हतं. आम्ही ते पाठ करून पेपरात लिहून आलो होतो. मी त्या दिवशी तुम्हाला एक गोष्ट सांगितली, जी मी आईलासुद्धा सांगितली नव्हती. म्हटलं, माणसांशी बोलतानाही असंच असतं तर मी बोलले असते. आधी काय म्हणायचं, मग काय, हे ठरलेलं. आणि समोरच्याने प्रत्येक वाक्यानंतर ठीक आहे म्हणायचं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, क्रम हाच असतो, फक्त माणसं दोनशे पन्नास मनात म्हणतात.

मग तुम्ही माझ्या प्रोग्रॅमच्या मागे लागलात. एवढी कडक तपासणी माझ्या कंपनीतही कोणी केलेली नाही. मी पाठवणाऱ्याच्या जागी noreply असा पत्ता घातला होता, सगळ्या कंपन्या घालतात तसा. त्याचा अर्थ काय, तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, उत्तर पाठवू नका. तुम्हाला खरंच राग आला. उत्तर नको असेल तर पत्र लिहिलंच कशाला, म्हणालात. तो पत्ता त्याच दिवशी गेला आणि तुमचा आला. पासवर्ड मी सरळ प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवला होता. तो तुम्ही बोटाने दाखवलात. "म्हणजे चावी कुलपालाच लटकवून ठेवलीस?" कोडमधलं एक अक्षर न कळणाऱ्या माणसाने ही चूक एका नजरेत पकडली होती. मी ऑफिसात ही गोष्ट नाव न सांगता दोनदा वापरली आहे. मीटिंगमध्ये मी ज्या मोजक्या वेळा तोंड उघडलं, त्यातल्या या दोन.

आणि ती प्रश्नचिन्हं. मी सगळ्या चाचण्या इंग्रजीत केल्या होत्या, हॅलो आणि टेस्ट. तुम्ही पहिली मराठी ओळ लिहिलीत आणि ती माझ्या इनबॉक्समध्ये आली ती नुसती प्रश्नचिन्हं होऊन. ओळभर. मी घाबरले. प्रोग्रॅमला अक्षरं कुठल्या लिपीतली आहेत हे सांगायला हवं होतं आणि मला ते सुचलंच नव्हतं. तुम्ही माझा फोन लांब धरून ती ओळ वाचल्यासारखं केलंत आणि म्हणालात, चला, आयुष्यभर विचारायचे राहिलेले सगळे प्रश्न एका झटक्यात विचारून झाले. माई आतून हसल्या. मी दुरुस्ती केली. पण तेव्हापासून मी कुठलाही प्रोग्रॅम लिहिला की पहिली चाचणी मराठीत करते.

एक जूनबद्दल लिहायला हवं. तुम्ही ही गोष्ट लोकांना सांगायचात तेव्हा मला आणि प्रोग्रॅमला गाळून सांगायचात, माझ्या विनंतीवरून. आज मी नावासकट सांगते.

कट्ट्याच्या सभासद अर्जांवरून मी जन्मतारखा भरल्या. भरून झाल्यावर यादी लावली तर एकशे चाळीस माणसांपैकी त्रेचाळीस जणांची तारीख एक जून. मला वाटलं, माझ्याकडून घोळ झाला. तारीख रिकामी असली की प्रोग्रॅम स्वतःच काहीतरी भरतो, तसलं काहीतरी. मी दोन दिवस कोड तपासत होते. अर्ज पुन्हा काढून बघितले तर अर्जावरही एक जूनच. तरी तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारायचं म्हणजे बोलावं लागतं. तसंच चालू ठेवलं. एक जूनला सकाळी सात वाजता त्रेचाळीस पत्रं एका दमात निघाली. पहिली पंधरा-सोळा गेली. मग सर्व्हरला वाटलं की हा कोणीतरी जाहिरातवाला आहे आणि त्याने आपलं खातंच बंद केलं. उरलेल्या प्रत्येक पत्राला दोनशे पन्नासच्या जागी पाचशेच्या घरातला आकडा, म्हणजे नकार.

मी रडकुंडीला येऊन तुमची बेल वाजवली. आपणहून वाजवलेली ती पहिलीच. तुम्ही यादी बघितलीत आणि दाराच्या चौकटीला धरून एवढे हसलात की माई धावत आल्या. "अगं, तो वाढदिवस या लोकांचा नाही. तो शाळेत नाव घालणाऱ्या गुरुजींचा आहे." मग तुम्ही समजावलंत. पोराला शाळेत आणायचं, जन्म कधीचा विचारलं की आईबाप म्हणणार, भाताच्या लावणीत, नाहीतर थोरल्याच्या लग्नानंतरच्या श्रावणात. गुरुजी काय लिहिणार. शाळा जूनमध्ये उघडते, त्यांनी एक जून लिहिलं. तुमचीसुद्धा तारीख तीच. ही गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत असते आणि मला नव्हती, कारण माझ्या शाळेत सगळ्यांकडे दाखले होते.

मी म्हटलं, सोपं आहे, दोन पत्रांमध्ये पाच मिनिटं थांबायला सांगते. ते मी केलंच. पण तुमच्या मते खरी दुरुस्ती ती नव्हती. त्रेचाळीस माणसांना गुरुजींच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या का, असं तुम्ही विचारलंत. पुढचे तीन महिने तुम्ही रिक्षाने, बसने, फोनवरून त्या सगळ्यांना गाठलंत. ज्यांना तिथी माहीत होती त्यांची तारीख जुन्या पंचांगांतून काढून आणलीत. ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांना सांगितलंत, तुम्हीच एक दिवस निवडा. कोणी लग्नाचा निवडला, कोणी कामावर कायम झाल्याचा. प्रधान आजींनी मॅट्रिकच्या निकालाचा. सत्तरी उलटलेल्या माणसांना तुम्ही वाढदिवस मिळवून दिलेत, अण्णा. आणि माझ्या त्या फाइलमध्ये एकेक तारीख बदलत गेली. मी आजवर लिहिलेल्या सगळ्या कोडपेक्षा मला त्या त्रेचाळीस ओळींचा जास्त अभिमान वाटतो, आणि त्यांत कोड नावालाही नाही.

शुभेच्छेचा मजकूर मी इंटरनेटवरून उचलला होता. तुम्ही तो पहिल्याच दिवशी बाजूला सारलात. हे तर छापील कार्डावर मिळतं. दरवर्षी, दर माणसाला एक नवी ओळ, त्या माणसाबद्दल खरी असलेली, हा तुमचा नियम. मला प्रोग्रॅममध्ये तशी अट घालायला लावलीत. ओळीची जागा रिकामी असेल तर पत्र जाऊ नये. मी म्हटलं, निदान नुसत्या शुभेच्छा तरी जाऊ देत. तुम्ही मान हलवलीत. "काही म्हणायचं नसेल तर दार वाजवू नये."

महिना संपायच्या आत पुढच्या महिन्याच्या ओळी तुम्ही वहीत लिहून मला द्यायचात आणि मी त्या टाइप करायचे. त्या टाइप करता करता मी मराठी वाचायला शिकले. आता बोट ठेवावं लागत नाही. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या लक्षात आलं असेलच, कारण नंतर नंतर तुमचं अक्षर मुद्दाम मोठं काढायचं तुम्ही बंद केलंत.

आता ज्यावर आपलं भांडण राहिलं ते.

तुम्हाला पत्राखाली दोन नावं हवी होती. लिहिणार अण्णा, पाठवणार केतकी. मी पहिल्यापासून नाही म्हणत आले. कारणं वेगवेगळी दिली. लोक गोंधळतील, मजकूर लांबेल, मी काही केलेलं नाही, लायब्ररीच सगळं करते. खरं कारण एकच होतं. नाव घातलं की लोक भेटल्यावर बोलतील आणि मला उत्तर द्यावं लागेल. तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी विषय काढायचात. अलीकडे जिन्यात भेटलात तेव्हाही काढलात. एका हातात दुधाची पिशवी होती आणि दुसरा हात कठड्यावर, नेहमीपेक्षा घट्ट. म्हणालात, मला दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घेऊन मरायचं नाहीये. मी म्हटलं, "बघू, अण्णा." आणि घाईत असल्यासारखी खाली उतरले. मी घाईत नव्हते. तुमच्याशी बोललेले माझे शेवटचे शब्द हे आहेत.

तुम्ही गेल्यावर आठवडाभर मी माईंकडे रोज जाऊन बसत होते, पण लॅपटॉपकडे बघितलंही नाही. तो बंद असेल असंच धरून चालले होते. तुमचा क्रम मला माहीत होता. सकाळी माई चहाचं आधण ठेवायच्या, लॅपटॉपचं बटण दाबायच्या आणि मग तुम्हाला उठवायच्या. तो सुरू झाला की प्रोग्रॅम आपोआप चालायचा. परवा मी सकाळी लवकर गेले तर माई चहा ठेवत होत्या आणि टेबलावर लॅपटॉप सुरू. मी बघतच राहिले. माई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांनी लिहून ठेवलंय ते मी का अडवू?"

तुम्ही महिन्याच्या शेवटापर्यंतच्या ओळी दिल्या होत्या. बारा दिवसांत पाच पत्रं गेली, पाचवं आज प्रधान आजींना. पुढे चार आहेत. त्यानंतर सगळ्या जागा रिकाम्या. आपल्याच अटीप्रमाणे पहिल्या तारखेपासून प्रोग्रॅम रोज सुरू होईल, यादी वाचेल, ओळ सापडणार नाही आणि गप्प बंद होईल. कोणाला कळणारही नाही. एखाद्याला आपल्या वाढदिवशी थोडा वेळ चुकल्यासारखं वाटेल, इतकंच.

माईंनी मग मला तुमची जावक नोंदवही दिली. तुम्ही ती ठेवता हे मला माहीत होतं, मी कधी आत बघितली नव्हती. क्रमांक, तारीख, कोणाला, पोच आली की नाही. सर्व्हरच्या दोनशे पन्नासला तुम्ही पोच मानत नव्हता. ती पेटीत पडल्याची खूण, माणसाला मिळाल्याची नव्हे. माणसाने उलट काही लिहिलं तरच तुम्ही पोच लिहायचात. आणि शेवटचा रकाना, पाठवणाऱ्याची सही. तो पहिल्या पानापासून कोरा. तीनशे ऐंशीच्या वर नोंदी, एकीपुढेही सही नाही. मी माईंना विचारलं, अण्णांनी सही का केली नाही. त्या म्हणाल्या, पाठवणारी तू होतीस ना.

वहीच्या मागच्या पानांवर वेगळी यादी होती. तिला तुम्ही चाचणी असं नाव दिलं होतं. प्रोग्रॅममध्ये काही बदल केला की मी आधी एक पत्र माझ्याच पत्त्यावर पाठवून बघायचे. मजकूर तुम्ही स्वतः, एका बोटाने टाइप करायचात. टेस्ट असं लिहायला तुम्ही कधी तयार झाला नाहीत. चाचणीचं झालं तरी पत्र आहे, त्यात काहीतरी म्हटलेलं असावं, असा तुमचा हट्ट. मी पाठवायचे, मेल आला आणि अक्षरं उमटली एवढं बघून कोड बरोबर आहे असं म्हणून पुढे जायचे. मी ती पत्रं तपासली, अण्णा. वाचली नाहीत.

परवा वाचली. एकतीस आहेत. "केतकी जिना चढताना शेवटची पायरी नेहमी हळू चढते. समोरच्या दारावरची सूचना तिला आवडते असं दिसतं." "आज केतकीने माझी चूक दाखवली आणि माफी मागितली नाही. प्रगती आहे." "ज्या मुलीला एक जून माहीत नव्हता तिने त्रेचाळीस जणांचा वाढदिवस राखला." "मला मुलगी असती तर ती एवढी शांत नसती. आमच्या घरात कोणी शांत जन्मलं नाही. म्हणून समोर दिली असावी." प्रत्येकाच्या शेवटी, ओळीवर एकटं, एक टिंब. आणि वहीत या एकतीस नोंदींपुढे पोच हा रकाना रिकामा. तुम्ही वाट बघत होता की नाही, माहीत नाही. रकाना मात्र आखलेला होता.

हे लिहायला बसण्याआधी मी त्या वहीत सह्या करायला घेतल्या. पहिल्या पानापासून. माझी सही इंग्रजीत आहे, बँकेतली. ती तिथे बरी दिसेना, म्हणून मराठीत नाव लिहीत गेले. शंभराच्या आसपास हात दुखला, मग अक्षर सुधारलं. उरलेल्या उद्या करीन. हे धाडस मला आज सभेनंतर झालं, म्हणून सभेचंच सांगून थांबते.

लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलले. तुम्ही ऐकत असतात तर अर्ध्या वाक्यांत व्याकरणाच्या चुका काढल्या असत्यात. साठे काकांनी तुमच्या पत्रांचं खूप कौतुक केलं. या वयात संगणक शिकून, स्वतःच्या हाताने, शेवटपर्यंत. पहिल्या रांगेत माई मान खाली घालून बसल्या होत्या. मला माहीत होतं की त्या माझ्यासाठी गप्प आहेत आणि तुम्हीही तीन वर्षं माझ्यासाठीच गप्प होता. मग साठे काका म्हणाले की आता ही पत्रं बंद होणार याचं वाईट वाटतं. यापुढे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कमिटी एक छानसं चित्र टाकत जाईल. प्रधान आजी उठल्या, पुडा उघडला, एक पेढा तुमच्या फोटोसमोर ठेवला आणि परत येऊन बसल्या. साठे काकांनी विचारलं, आणखी कोणाला बोलायचंय का.

मला ऐकू आलं की एक खुर्ची मागे सरकली. ती माझी होती. माइकपर्यंत जायला जमलं नसतं, म्हणून मी जागेवरूनच बोलले. सगळ्या माना वळल्या. माईंनी वर बघितलं आणि अगदी थोडी मान हलवली. दोनशे पन्नास. तुम्ही सांगितलेला क्रम मी धरून ठेवला.

"नमस्कार. मी केतकी. अण्णांच्या समोरच्या दारातली. मला तुम्हा सगळ्यांना सांगायचंय, आणि अण्णांनाही. वाढदिवसाची पत्रं अण्णा लिहायचे आणि मी पाठवायचे. ती बंद होणार नाहीत. पहिल्या तारखेपासून ओळी मी लिहीन, खाली नाव माझं असेल. मी तुम्हाला फारसं ओळखत नाही, म्हणून आधी एकेकाला भेटायला येईन. मराठी चुकलं तर उलट लिहून सांगा, पत्ता तोच आहे."

कोणीतरी आवाज वाढवा म्हणालं. मी तुमच्या फोटोकडे बघितलं आणि वाढवला.

"अण्णा, तुमची एकतीसच्या एकतीस पत्रं मिळाली."